दोन हजारांची सॅक: थर आणि स्पितीसाठी पुरते का?

जळगाव, धुळे, भुसावळ, नंदुरबार. बाजार कुठलाही असो, बॅगांच्या दुकानापुढे मोठ्या सॅक टांगलेल्या दिसतात. कुणावर '५०+१० लिटर' छापलेलं असतं, कुणावर '७० लिटर'. किंमत दीड हजारापासून सव्वादोन हजारांपर्यंत, आणि घासाघीस जमली तर आणखी थोडी कमी. नावाजलेल्या कंपनीची याच मापाची सॅक चार-पाच हजारांच्या पुढे जाते. हिवाळ्यात थरच्या वाळवंटातलं जैसलमेर आणि उन्हाळ्यात हिमाचलमधलं स्पिती असा कमी खर्चाचा बेत आखणाऱ्याला या दोन हजारांच्या फरकात काही दिवसांचं राहणं-खाणं निघू शकतं. म्हणून या बिननावाच्या सॅकचा नीट विचार करायला हवा.

ही सॅक चालते, पण दुकानातून आणली तशी नाही. ती अर्धी तयार वस्तू आहे असं धरून घ्यायची आणि उरलेलं काम आपल्याच बाजारातल्या ताडपत्री किंवा बॅगा शिवणाऱ्याकडून करून घ्यायचं. त्याला तीन-चारशे रुपये आणि एक दिवस धरा. हे न करता निघालात तर ती बहुतेक वेळा खांद्याच्या पट्ट्यापाशी उसवते, आणि वाटेत ना मशीन मिळतं ना जाड धागा.

दुकानात काय बघायचं

आधी बाहेर टांगलेली सॅक नको म्हणा आणि आतली काढायला सांगा. खानदेशच्या उन्हात महिनोन् महिने लटकलेल्या सॅकचं कापड एका बाजूला फिकं पडलेलं असतं. कापडापेक्षा मोठं नुकसान शिवणीच्या धाग्याचं झालेलं असतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

मग सॅक पूर्ण उघडून आतून उलटी करा. या किमतीत कापड बहुधा ६०० डेनिअरचं पॉलिएस्टर असतं. डेनिअर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा तितका धागा जाड. हे कापड चांगलं आहे. उन्हाला पॉलिएस्टर नायलॉनपेक्षा जास्त टिकतं, त्यामुळे वाळवंटासाठी तर हेच बरं. स्वस्त सॅकचं दुखणं कापडात नसतं, शिवणीत असतं.

आतल्या शिवणीला किमान एक सेंटिमीटर कापड सोडलेलं आहे का आणि कडांना पट्टी मारली आहे का ते बघा. नुसती कापलेली कड दिसली, तिचे दोरे सुटत असतील, तर दुसरी सॅक मागा. खांद्याचा पट्टा जिथे पाठीला जोडलाय तिथे दोन्ही हातांनी ताणून बघा. टाक्यांची भोकं मोठी होऊन त्यातून उजेड दिसायला लागला तर ती सॅक घेऊ नका. पट्ट्यातला फोम अंगठ्याने दाबा. लगेच वर आला तर ठीक. खड्डा तसाच राहिला तर तो साधा स्पंज आहे आणि दहा किलोंखाली दोन दिवसांत चपटा होईल.

चेन कोपऱ्यांवरून पंधरा-वीस वेळा फिरवा, कारण सरळ रेषेत प्रत्येक चेन चालते आणि अडते ती वळणावर. मुख्य कप्प्याची चेन ८ किंवा १० नंबरची हवी. हा नंबर साधारण बंद दातांची मिलिमीटरमधली रुंदी सांगतो. बाहेरच्या खिशांना ५ नंबर चालते. चेन नायलॉनच्या वेटोळ्याची असावी. सुट्या प्लॅस्टिक दातांच्या चेनचा एक दात मोडला की सगळी चेन गेली. वेटोळ्याची चेन उघडीच राहायला लागली तर दोष बहुतेक वेळा रनरचा असतो आणि रनर बदलता येतो.

लिटरचा छापील आकडा धरून चालू नका. उंची, रुंदी आणि खोली सेंटिमीटरमध्ये मोजा, गुणा आणि १,००० ने भागा. ६५ × ३२ × २२ आलं तर ती ४६ लिटरच्या आसपासची सॅक आहे, वर काहीही छापलेलं असो. टेप नसेल तर १५ किलोच्या तेलाच्या डब्याचा अंदाज घ्या. तो साधारण १६ लिटरचा, म्हणजे तीन डबे मावतील एवढी जागा म्हणजे ५० लिटर जवळ आलं. या प्रवासाला ४५ ते ५० लिटर पुरतात. थरमधल्या गेस्ट हाउसमध्ये अंथरूण मिळतं, स्पितीच्या होमस्टेमध्ये जाड रजया मिळतात, तंबू आणि स्लीपिंग बॅग मनालीत भाड्याने मिळतात. मोठी सॅक घेतली की ती भरली जातेच, आणि भरली की या शिवणीला ते वजन झेपत नाही.

शिवून घ्यायचं काम

केळीच्या गाड्यांवर टाकायच्या ताडपत्र्या शिवणारे कारागीर आपल्याकडे बहुतेक गावांत आहेत. त्यांच्याकडे जाड सुईचं मशीन आणि नायलॉनचा बॅगेचा धागा असतो. कपडे शिवणाऱ्या टेलरकडे हे काम देऊ नका. त्याच्या धाग्याला हा ताण सोसत नाही.

सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे खांद्याच्या पट्ट्यांचं मूळ. कारखान्यात तिथे पट्टा शिवणीत घालून सरळ दोन टीपा मारलेल्या असतात, त्यामुळे सगळा भार पाच-सहा सेंटिमीटरच्या एका रेषेवर येतो. तिथे आतल्या बाजूने कॅनव्हास किंवा ताडपत्रीचा १० × १० सेंटिमीटरचा तुकडा लावायला सांगा आणि त्यावर चौकोन आणि आत फुली अशी टीप मारून घ्या. भार मग रेषेवरून चौकोनभर पसरतो. टाके इंचाला सहा-सात असावेत. मजबुतीसाठी जवळजवळ टाके घालण्याचा मोह कारागिरालाही होतो, पण फार जवळ भोकं पडली की कापड तिकिटासारखं त्याच रेषेत फाटतं. हीच टीप पट्ट्यांच्या खालच्या टोकांना आणि वरच्या उचलायच्या नवारीलाही हवी.

दुसरी जागा कमरेचा पट्टा. बहुतेक बाजारू सॅकला तो नावापुरता असतो, नुसती २५ मिलिमीटरची नवार. ती पोटात रुतते, म्हणून लोक ती बांधतच नाहीत आणि मग सगळं वजन खांद्यावर राहतं. सॅक बरोबर बसली तर वजनाचा मोठा वाटा कमरेच्या हाडांवर जायला हवा. त्यासाठी ३८ मिलिमीटरची नवार आणि त्याच मापाचं बकल लावून घ्या. एक सेंटिमीटर जाडीच्या घट्ट फोमचे वीतभर लांब दोन तुकडे कॅनव्हासमध्ये शिवून त्या नवारीवर सरकवा. खांद्याच्या पट्ट्यांनंतर उरलेल्या पैशांत एकच काम होणार असेल तरी हेच करा.

तिसरी जागा पाठ. कित्येक सॅकमध्ये आधार म्हणून काहीच नसतं, किंवा प्लॅस्टिकचा पातळ पत्रा असतो. सॅक मग पिंपासारखी फुगते आणि मागे ओढते. हार्डवेअरच्या दुकानातून २५ मिलिमीटर रुंद, ३ मिलिमीटर जाड अशा ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या ५५ सेंटिमीटरच्या कापून आणा. एक पट्टी साधारण ११० ग्रॅम भरते. गुडघ्यावर दाबून तिला पाठीच्या बाकाचा आकार द्या, टोकं कानसीने गोल करा आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळा. हे केलं नाही तर टोक तळ फोडून बाहेर येतं. आतून दोन उभे खिसे शिवून पट्ट्या त्यात घाला. एवढा खटाटोप नको असेल तर कॅरीमॅटची घडी करून पाठीच्या बाजूला उभी लावा. काम निम्मं होतं, पण रात्री तीच अंथरायला मिळते.

जाळीचे बाजूचे खिसे सगळ्यात आधी फाटतात. सातपुड्यातली बोर-बाभळ त्यांना एका फेरीत उसवते. थरमध्ये भुरट नावाच्या गवताची काटेरी बोंडं जाळीत आणि पाठीच्या फोममध्ये शिरतात, आणि सॅक चढवली की मानेला टोचतात. जाळीवर बाहेरून कॅनव्हास मारून घेतला की दोन्ही प्रश्न मिटतात. पाठीत अडकलेली भुरट हाताने काढू नका, बोटात मोडते. बारीक दातांच्या फणीने निघते.

काम झाल्यावर सॅकमध्ये २० किलो धान्य भरा आणि वरच्या नवारीने रात्रभर आढ्याला टांगून ठेवा. सकाळी सगळ्या टीपा बोटाने चाचपा. कुठे भोक ताणलं असेल तर आताच कळेल. दुसऱ्या दिवशी दहा-अकरा किलो भरून पाटणादेवी किंवा तोरणमाळच्या वाटेवर अर्धा दिवस चालून या. खांद्याला कुठे काचतंय, कुठलं बकल सरकतंय हे घराजवळ कळलेलं बरं.

पाठीवर बसवण्याचा क्रम

सगळ्या पट्ट्या आधी सैल करा. सॅक गुडघ्यावर घ्या आणि मग पाठीवर चढवा. एका पट्ट्याला धरून झोका देत उचलली की सगळा झटका त्याच एका शिवणीवर बसतो, आणि बहुतेक सॅक याच सवयीने फाटतात. आधी कमरेचा पट्टा हाडावर बसवून आवळा, मग खांद्याचे पट्टे ओढा, शेवटी छातीची पट्टी. खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणारी छोटी पट्टी असेल तर ती साधारण ४५ अंशात यायला हवी. सॅक मागे लोंबायला लागली की तीच ओढायची.

या सॅकमध्ये एकच माप असतं. मान खाली घातल्यावर मानेच्या मुळाशी वर येणाऱ्या मणक्यापासून कमरेच्या हाडाच्या वरच्या रेषेपर्यंत पाठ मोजा. साधारण ४३ ते ४८ सेंटिमीटरला या सॅक बसतात. उंच माणसाला कमरपट्टा पोटावर येतो आणि त्यावर काही इलाज चालत नाही. अशांनी पैसे साठवून मागची लांबी बदलता येणारी सॅक घ्यावी.

वजनाची मर्यादा ११ किलो, पाण्यासकट. सॅक १.४, स्लीपिंग बॅग १.३, कपडे ३, गरम जाकीट ०.८, कॅरीमॅट ०.३, रेनकोट ०.४, औषधं-चार्जर-साबण १, खाणं १, पाणी २. बेरीज ११.२ होते, म्हणजे कपड्यांतली एक जीन्स घरीच ठेवायची. जीन्स जड असते आणि धुतली तर स्पितीच्या थंडीत लवकर वाळत नाही.

खाण्यासाठी आपल्याकडचं सामान उत्तम आहे. दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या दोन दिवस राहतात आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी त्याहून जास्त. बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, न्यायचे तर स्टीलच्या पसरट डब्यातच. चटणीत तेल घालू नका. पाठीच्या उष्णतेने ते सुटतं आणि स्लीपिंग बॅगेपर्यंत पोहोचतं. जड सामान पाठीला चिकटून मधोमध, हलकं आणि मऊ तळाशी. आणि पाण्याच्या दोन्ही बाटल्यांतलं पाणी आलटून-पालटून प्या, नाहीतर तासाभराने सॅक एका बाजूला ओढायला लागते.

वाळवंटात

जळगाव किंवा नंदुरबारहून नवजीवन एक्स्प्रेसने अहमदाबाद, तिथून जोधपूर आणि पुढे जैसलमेर. हा स्लीपरचा प्रवास स्वस्त आहे आणि ५० लिटरची सॅक खालच्या बर्थखाली आडवी बसते. साखळी खांद्याच्या पट्ट्यातून न ओवता शिवून घेतलेल्या वरच्या नवारीतून ओवा. ओढाताण झाली तरी मूळ शिवण वाचते.

जैसलमेरपासून सम साधारण ४० किलोमीटर. तिथे सॅकची परीक्षा वाळू घेते, आणि घेते ती चेनची. बारीक वाळू रनरमध्ये बसते, माणूस जोराने ओढतो आणि रनर आतून घासून मोठा होतो. मग चेन लागते पण मागून उघडत जाते. रोज संध्याकाळी कोरड्या टूथब्रशने दोन्ही बाजूंनी दात झाडा आणि मग मेणबत्तीचा तुकडा दातांवरून फिरवा. तेल किंवा व्हॅसलीन लावू नका. त्याला वाळू चिकटून राहते आणि रनर आणखी लवकर झिजतो. चेन उघडी पडायलाच लागली तर पकडीने रनरची दोन्ही मागची टोकं हलकेच दाबा. अर्ध्या मिलिमीटरनेही फरक पडतो. जास्त दाबलं तर रनर तुटतो, म्हणून दोन जादा रनर आणि २५ मिलिमीटरचं एक जादा बकल खिशात असू द्या. वाळूत सॅक टेकवताना पाठीची बाजू वर ठेवा. घामाने ओल्या फोमला लागलेली वाळू दिवसभर खांद्याचं कातडं सोलते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ योग्य. दिवसभर चालायचं तर माणशी चार-पाच लिटर पाणी धरा. ते सगळं पाठीवर न्यायचं ठरलं तर ११ किलोंची मर्यादा मोडते. म्हणून गावापासून गावापर्यंतच चालायचं आणि प्रत्येक गावात पाणी भरून घ्यायचं. या सॅकवर ढाण्यांपासून, म्हणजे वाळवंटातल्या वस्त्यांपासून दूर, दोन-दोन दिवसांची चाल आखू नका.

डोंगरात

भुसावळहून झेलम एक्स्प्रेसने अंबाला, तिथून चंदीगडवरून एकतर मनाली नाहीतर शिमला. मनालीहून स्पितीतल्या काझ्याची एसटी उन्हाळ्यात, कुंझुम खिंड उघडल्यावरच सुटते. तो रस्ता जवळचा आहे, पण मनाली २,००० मीटरच्या आसपास आणि काझा ३,६०० च्या वर. तापीकाठच्या माणसाने एका दिवसात एवढं चढणं धोक्याचं आहे. ३,००० मीटरच्या वर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये हा नियम पाळायचा तर शिमला, रिकाँगपिओ, ताबो असं किन्नौरकडून जावं आणि मध्ये जास्तीचे मुक्काम करावेत. डोकं दुखतंय, मळमळतंय तर वर जाणं थांबवा. त्रास वाढला तर खाली उतरा.

एसटीच्या टपावर सॅक गेली की धूळ आणि घर्षण दोन्ही आले. सॅकसोबत मिळणारं पावसाचं कव्हर तिथे कामाचं नाही, वाऱ्याने उडतं. घरून ५० किलो साखरेची रिकामी प्लॅस्टिक गोणी न्या, सॅक तिच्यात घाला आणि तोंड सुतळीने बांधा. गोणीतली आतली पातळ पिशवीही नेता येते. ती सॅकच्या आत अस्तर म्हणून लावली की शिवणीच्या भोकांतून आलेलं पाणी कपड्यांपर्यंत पोहोचत नाही. खताची गोणी मात्र वापरू नका, कितीही धुतली तरी. पावसाच्या कव्हरला तळाशी एक बारीक छिद्र पाडून रिंग मारून घ्या. नाहीतर पाठीवरून ओघळलेलं पाणी कव्हरमध्ये साचतं आणि सॅक खालून भिजते.

उंचीवर हवेचा दाब कमी होतो, म्हणून केळीच्या वेफर्सची पाकिटं टम्म फुगतात आणि शाम्पू झाकणातून बाहेर येतो. वेफर्सच्या पाकिटाला आधीच टाचणीने भोक पाडा, द्रव पदार्थ वेगळ्या पिशवीत ठेवा. कडक थंडीत स्वस्त बकल ठिसूळ होतं. पहाटे ते आपटून किंवा जोराने दाबून उघडू नका, आधी दोन मिनिटं मुठीत धरा. चढावर दम लागला की छातीची पट्टी सोडा, कमरेची नाही. आणि इथे वजन ११ वरून ९ किलोंवर आणा. स्लीपिंग बॅग आणि जादा कपडे होमस्टेवर सोडून दिवसाची चाल केली की ते सहज जमतं.

कुणी घ्यावी, कुणी नाही

शिवून घेतलेल्या या सॅकला पाचपैकी साडेतीन गुण. तशीच वापरली तर दीड. होमस्टे, धर्मशाळा, एसटी आणि दिवसाला सात-आठ किलोमीटर चाल असा प्रवास असेल तर दोन हजार चारशेत काम होतं आणि उरलेले पैसे चांगल्या बुटांवर घालावेत. बुटांत मात्र बाजारातला माल घेऊ नये. तंबू, स्टोव्ह आणि चार दिवसांचं रेशन पाठीवर घेऊन खिंडी ओलांडायच्या असतील, किंवा १४-१५ किलोंखाली उतरणं शक्य नसेल, तर ही घेऊ नका. त्या वजनाला कितीही टाके घातले तरी आतला सांगाडा पुरत नाही, आणि त्याचा भार गुडघ्यांना सोसावा लागतो.

परत आल्यावर सॅक उलटी करून झटका, कोमट पाण्याने आणि साध्या साबणाने पुसून घ्या आणि सावलीत वाळवा. वॉशिंग मशीनमध्ये घालू नका. कापडाच्या आतल्या बाजूला पाणी अडवणारा जो पातळ थर असतो त्याला उष्णता आणि दमट हवा दोन्ही मानवत नाहीत. मे महिन्यात तापलेल्या पत्र्याखालच्या माळ्यावर घडी घालून ठेवलेली सॅक पावसाळ्यानंतर काढली की आतून चिकट लागते आणि उग्र वास येतो. ती घरातल्या भिंतीवर, पट्ट्या सैल सोडून, रिकामी टांगावी. थर सुटायला लागलाच तर कोरड्या ब्रशने खरवडून काढा आणि साखरेच्या गोणीतलं ते अस्तर कायमचं आत राहू द्या. कापड आणि शिवण शाबूत असेल तर सॅक तेवढ्यावर आणखी काही वर्षं चालते.